वहिनींचं एक वाक्य

आमच्या कचेरीत कारणाचा रकाना रिकामा असेल तर कागद पुढे सरकत नाही. रजा हवी, कारण लिहा. पंखा बदलायचा, कारण लिहा. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या हिशेब खात्यात गेली आणि आता निवृत्ती दाराशी आली आहे, तेव्हा ही सवय काही सुटायची नाही. माझ्या वहिनींचा उद्योग बरोबर उलटा. एका ठिकाणी, एका बाबतीत, कुणालाही कारण सांगायचं नाही, यासाठी त्या मेडिकल कॉलेजात वर्षानुवर्षं भांडल्या. तेही आवाज न चढवता.

वहिनी डॉक्टर नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमचे नातेवाईक अजूनही त्यांना गुडघेदुखीवर गोळी विचारतात. त्या तत्त्वज्ञान शिकल्या आणि मेडिकल कॉलेजात वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवायला लागल्या. दादाचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगी शिकवते काय?"

दादा म्हणाला, "डॉक्टरांना नीट वागायला शिकवते."

वडील म्हणाले, "मग काम भरपूर असेल."

कॉलेजने त्यांना पहिली खोली दिली ती शवविच्छेदनाच्या दालनामागची. तिथे मोडके सांगाडे ठेवायचे. सांगाडे हलवले, पण एक राहून गेला तो राहूनच गेला. वहिनी त्याच्या खांद्याला पर्स अडकवत. फॉर्मलीनचा वास साडीत बसायचा आणि संध्याकाळी त्या घरात शिरल्या की दादा नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "आल्या, आमच्या नीतिमान बाई आल्या."

त्यांचा तास जेवणानंतरचा. परीक्षेत त्या विषयाला गुण नावापुरते, त्यामुळे मुलं झोपायलाच येत. मग वहिनींनी एक युक्ती काढली. वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाला स्ट्रेचरवर झोपवायचं, बाकीच्यांनी भोवती उभं राहायचं आणि त्याच्याकडे न बघता, त्याच्या अंगावरून, त्याच्या आजाराबद्दल बोलायचं. थोडक्यात, रोज वॉर्डात चालतं तेच. जरा वेळाने तो दांडगट उठून बसायचा आणि ओरडायचा, "अरे, मी इथेच आहे ना!"

"झाला आजचा तास," वहिनी म्हणत.

मुलांनी त्यांचं नाव 'पण-मॅडम' ठेवलं होतं. कुणी काहीही उत्तर दिलं की वहिनी खूश होऊन मान डोलवत आणि म्हणत, "छान. पण..." त्या 'पण'नंतर तास संपेपर्यंत कुणाची सुटका नसे.

ज्या कामात त्यांचं आयुष्य गेलं ते काम मात्र वर्गाबाहेरचं. कॉलेजच्या रुग्णालयात किडनी बदलण्याची शस्त्रक्रिया होई. घरातलंच कुणीतरी आपली एक किडनी द्यायला तयार झालेलं असे. हा माणूस खरोखर आपल्या मनाने देतोय की घरच्यांच्या दडपणाने, हे पाहण्यासाठी त्याच्याशी एकट्याने बोलायचं, हे काम वहिनींकडे आलं. खोलीत दोघंच, खुर्च्या समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी. समोरासमोर बसलं की चौकशी वाटते, असं त्यांचं म्हणणं. किडनीबद्दल त्या बराच वेळ काही विचारतच नसत. घरात स्वयंपाक कोण करतं, दुपारी कोण झोपतं, रागावल्यावर कोण बोलायचं थांबतं, असलं काहीबाही चाले. शेवटी विचारत, "आणि समजा, तुम्ही नाही म्हणालात, तर घरी गेल्यावर कोण काय म्हणेल?" या प्रश्नाला माणसं खरं बोलायची.

सुरुवातीच्या वर्षांत एक बाई आली. नवऱ्याचं घर सोडून भावाकडे राहणारी, आणि भावालाच किडनी द्यायला आलेली. ती म्हणाली, "मला नाही द्यायची, बाई. भीती वाटते. पण नाही म्हटलं तर त्या घरात माझं अंथरूण राहणार नाही."

वहिनींनी सर्जनांना सांगितलं. सर्जन मनाने चांगले, पण कायम घाईत. त्यांनी बाहेर जाऊन घरच्यांना सांगून टाकलं, "हिच्या रक्तात दोष आहे, हिची चालणार नाही." बाई सुटली. तेव्हा अशीच पद्धत होती. नको म्हणणाऱ्याला एखादा आजार चिकटवायचा आणि सोडवायचं.

वर्षभराने तीच बाई वहिनींना रुग्णालयाच्या जिन्यात भेटली. म्हणाली, "भावाचं झालं, त्याच्या मेव्हण्याने दिली. पण माझं ताट वेगळं ठेवतात. भाच्यांना मांडीवर बसू देत नाहीत, रक्तात दोष ना! तुम्ही मला सोडवलंत खरं बाई, पण आजारी पाडून सोडवलंत."

त्या संध्याकाळी मी दादाकडे होतो. वहिनी आल्या, चप्पल न काढता खुर्चीत बसल्या. दादाने नाकाला रुमाल लावला आणि त्यांचा चेहरा पाहून हळूच खिशात घातला.

तिथून ते वाक्य सुरू झालं. नाकारलेल्या दात्यांना शोधून वहिनी त्यांच्या घरी जाऊ लागल्या. पुढे तुमचं काय झालं, घरात काय बोललं गेलं, हे विचारत हिंडल्या. त्यावर लिहिलं, परिषदांतून बोलल्या, समितीत वाद घातले. आणि अखेर रुग्णालयाने नियम केला. ज्याला दाता म्हणून घ्यायचं नाही, त्याच्या घरच्यांना एकच वाक्य सांगायचं: "आम्ही यांना दाता म्हणून घेऊ शकत नाही, आणि कारण आम्ही कुणाच्याच बाबतीत सांगत नाही." साखर निघो, किडनीत खडा निघो, नाहीतर माणूस मनातून तयार नसो, वाक्य तेच. त्यात खोटं काही नाही, आजार चिकटवणं नाही. खुद्द त्या माणसाला मात्र बंद खोलीत सगळं समजावून सांगायचं.

सर्जन म्हणाले होते, "मॅडम, एवढ्याशा वाक्याला इतके महिने?"

"डॉक्टर, टाका एवढासाच असतो. पण तुम्हीसुद्धा तो निवांत घालता ना?"

"तुम्ही गंमतच करता. वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवता आणि मला गप्प बसायला."

"खरं बोलायचं ते त्याच्याशी, ज्याचं ते आहे. इतरांशी गप्प बसायचं."

वाक्य सोपं होतं, पाळणं अवघड. पुढच्याच वर्षी एका नव्या डॉक्टरने घोळ घातला. एका नाकारलेल्या मुलाची आई बाहेर रडत होती. याला तिची दया आली. हळूच म्हणाला, "अहो, घाबरू नका. फक्त साखर वाढलेली आहे, बाकी काही नाही." आई शांत झाली. शेजारच्या बाकावर दुसरं कुटुंब बसलं होतं. थोड्या वेळाने त्यांच्या सुनेबद्दल नुसतंच वाक्य सांगण्यात आलं, कारण नाही. सासऱ्यांनी लगेच सुनेकडे पाहिलं. त्यांना सांगितलं, मग आम्हाला का नाही? म्हणजे हिनेच आत काहीतरी म्हटलं असणार!

वहिनींनी त्या डॉक्टरला बोलावलं आणि सांगाड्याशेजारच्या खुर्चीत बसवलं. "तू वाईट केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "पण एकीचे डोळे पुसलेस आणि दुसरीला उघडं पाडलंस. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण आहे त्यांनीसुद्धा गप्प राहायचं, तरच ज्यांच्याकडे नाही ते सुरक्षित राहतात."

दात्यांशी बोलायच्या खोलीचं दारसुद्धा वहिनींनीच बदलून घेतलं. आधीच्या दाराला धुरकट काच होती, आत कोण रडतंय त्याची सावली बाहेर दिसायची. नवं दार जाड लाकडाचं. त्याच्यासाठी त्या बांधकाम विभागात इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना पाहिल्याबरोबर म्हणायचा, "दारवाल्या मॅडम आल्या!"

हे सगळं मला ऐकून ऐकून पाठ होतं. दादाच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्याचा अर्थ कळला.

दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून पक्ष्यांची चित्रं काढायचा. पाय सुजायला लागले तेव्हा म्हणाला, "वय झालं, चपलांचे नंबर वाढले." मग कळलं ते भलतंच होतं. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, आणि सर्जनांनी सांगितलं की बदलता आली तर लवकर बदललेली बरी, त्याचं शरीर हे फार काळ सोसणार नाही. मला साखर, मी दारातच बाद. वहिनींना कैक वर्षांचं ब्लडप्रेशर. उरली त्यांची एकुलती एक मुलगी.

तिला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी बिस्किटं फ्रॉकच्या खिशात लपवून ठेवायची, म्हणून दादाने खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. आता ती परगावी असते, घर आहे, नवरा आहे, नुकतीच चालायला लागलेली लेक आहे. बातमी कळली त्या दिवशीच तिचा फोन आला. "बाबांना मी देते. ठरलं."

दादाने फोन काढून घेतला. "काही ठरलेलं नाही. माझ्या पोरीच्या पोटावर टाके नकोत मला!"

फोन ठेवल्यावर वहिनी त्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही म्हणू नका. मी हो म्हणत नाही. तिचं तिला ठरवू दे."

"तुझीच मुलगी आहे ती, आणि तुझाच नवरा मरतोय. तुला काहीच म्हणायचं नाही?"

"खूप म्हणायचंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर गप्प बसलेय."

वहिनी समितीतून बाजूला झाल्या. त्या खोलीत खारूशी बोलणार होती त्यांच्याच हाताखाली शिकलेली सहकारी. तपासण्या झाल्या आणि त्या सकाळी आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. दादा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी. इतकी वर्षं त्या दाराच्या आत बसलेल्या वहिनी पहिल्यांदाच बाहेर बसल्या होत्या. बाक सिमेंटचा, गारठलेला. समोर भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र. दादा त्यातल्या बोटांची लांबी चुकली आहे म्हणून कुरकुरत होता.

वहिनी दाराकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, आतलं काहीच ऐकू येत नाही हो."

"तुम्हीच तर बसवून घेतलंत हे दार."

"हो ना. चांगलंच जाड निघालं."

खारू बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पण त्या खोलीतून कोरड्या डोळ्यांनी कुणी येत नाही, हे मला वहिनींनीच सांगितलेलं. तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हातातलं पाणी त्यांना देता देता थांबली. डायलिसिसवाल्याला पाणीही मोजून प्यावं लागतं, हे तिला आठवलं. मग ते पाणी तीच प्यायली.

काही दिवसांनी सर्जनांनी बोलावलं. आता तेही पिकले होते, घाई कमी झाली होती. आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आम्ही यांना दाता म्हणून घेऊ शकत नाही. आणि कारण आम्ही कुणाच्याच बाबतीत सांगत नाही."

मी आयुष्यभर हिशेब खात्यात काढलेला माणूस. माझ्या तोंडून निघून गेलंच, "पण डॉक्टर, निदान..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

आम्ही निघालो. दादा आणि खारू पुढे गेले. सर्जन दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांची ओळख आपली. तुम्ही काही परक्या नाही. तुमच्यापुरतं म्हणून..."

वहिनींनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. "डॉक्टर, तुम्ही सांगाल, मला बरं वाटेल. मग उद्या तुमच्या कंपाउंडरची बहीण येईल, तीही परकी नसेल. नका सांगू."

सर्जन म्हणाले, "तुमच्यासारखी मास्तरीण मला दुसरी मिळाली नाही." आणि आत वळले.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण घर म्हणजे रुग्णालय नव्हे. तिथे जाड दारं नसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होतो. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत दादा नातीला कावळा काढून दाखवत होता आणि ती त्याला सारखी 'चिऊ' म्हणत होती. खारू आत आली. मला पाहून थबकली, मग म्हणाली, "काका, तुम्ही बसा. तुम्ही ऐकलंत तरी चालेल. आई, मला तुला सांगायचंय."

"नको," वहिनी म्हणाल्या. वळल्या नाहीत.

"तू ऐकून तरी घे."

"खारू, मला नको सांगूस."

"अगं पण मी तुझी मुलगी आहे! कमिटीपुढे नाही उभी मी. आई म्हणून तरी विचार ना एकदा."

आता वहिनी वळल्या. हात ओले होते, ते पदराला पुसले. "आई म्हणूनच विचारत नाहीये. हे बघ, डॉक्टरांनी तुला तुझ्या तब्येतीचं काही सांगितलं असेल, तर ते नीट कर. औषध असेल तर घे. मान हलवू नकोस! हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. फक्त काळजी घे, एवढंच."

खारू रडता रडता हसली. "म्हणजे मी दगडासारखी उभी राहू?"

"जमत असेल तर."

खारू माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. मटाराची एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत नाही मला काय होतंय. मी सांगितलं नाही तर तुला जन्मभर वाटत राहील, की आत जाऊन मी घाबरले. बाबांना वाचवायची वेळ आली आणि मी मागे सरले."

मी शेंगांकडे बघत राहिलो. हाच तो प्रश्न होता, जो मला सर्जनांच्या खोलीत विचारायचा होता. वहिनी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. समोर नाही, शेजारी.

"वाटेल की," त्या म्हणाल्या. "कधी असं वाटेल, कधी तसं. आणि समजा तू घाबरली असलीस, तर काय होईल? मी एका घाबरलेल्या मुलीची आई होईन. तिचीसुद्धा आई मीच ना? तिला काय दुसरी शोधायला लावू?"

खारूने डोकं त्यांच्या खांद्याला टेकलं. वहिनी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "त्या खोलीतून किती मुली घरी गेल्या, बाळा. त्यांच्या आयांना मी सांगून आले, विचारू नका, तशीच जवळ घ्या. म्हणताना मला फार सोपं वाटायचं. त्या बायका माझ्याकडे अशा का बघायच्या ते आज कळतंय."

बाहेरून दादाची हाक आली, "अहो मॅडम! चहा मिळेल का? अर्धाच द्या, मोजून. आणि ही तुमची नात कावळ्याला चिमणी म्हणते, हिला जरा खरं बोलायला शिकवा."

"येते," वहिनी म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. मीच उठलो आणि चहा ठेवला.

त्याला आता काही वर्षं झाली. दादाचं नाव मृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत आहे. नंबर वर सरकतो म्हणतात. तो बारीक झाला आहे, पण आहे, आणि पक्षी काढतो. वहिनी गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटच्या तासाला कॉलेजने घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर होतो. जेवणानंतरचाच तास, पण कुणी झोपलं नव्हतं. स्ट्रेचरचा खेळ झाला, दांडगट उठून ओरडला. मग एका मुलीने हात वर केला. "मॅडम, ज्या घरात ते वाक्य सांगतात, तिथल्या माणसांना विचारावंसं वाटत नसेल का?"

"रोज वाटतं," वहिनी म्हणाल्या.

मुलगी लिहून घेत होती, तिची मान वर झाली. वर्ग 'पण'ची वाट बघत होता. तो आला नाही. वहिनींनी पुस्तकं गोळा केली.

खारू जमेल तेव्हा येते. आली की दादाला डायलिसिसला तीच नेते. परवा मीही गेलो होतो. दादा त्या लांबलचक खुर्चीत रेलला होता, दंडातून नळ्या गेलेल्या, खारू शेजारी स्टुलावर. मी पेपर वाचत होतो. तिने हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी कधी विचारावंसं वाटलं नाही मला?"

दादाने मोकळा हात खिशात घातला आणि कागदात गुंडाळलेलं बिस्किट काढलं. जरा चुरा झालेलं.

"तुझ्या आईने तंबी दिलीय मला," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांनी हे खायची बंदी केलीय. सकाळी शेजारच्या पेशंटने दिलं, तेव्हापासून तुझ्यासाठी ठेवलंय. खा पटकन, नर्सबाई यायच्या आत."

खारूने बिस्किट घेतलं. अर्धं खाल्लं आणि अर्धं खिशात ठेवलं.